माहीत असणे आणि मांडणे : अरुण साधू यांच्या राजकीय कथनातील बातमीदार

प्रास्ताविक

मराठी राजकीय कादंबरीचा विचार अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांना वगळून करता येत नाही. महाविद्यालयीन अध्यापनात या कादंबऱ्यांकडे ‘सत्तास्पर्धेचे वास्तव चित्रण’ म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, आमदारांचे गट, त्यांचे डावपेच आणि विधिनिषेध न मानणारी महत्त्वाकांक्षा यांची यादी केली की विवेचन पुरे झाले असे मानले जाते. फार तर कोणते पात्र कोणत्या प्रत्यक्षातील पुढाऱ्यावर बेतले आहे, याची चर्चा रंगते. कामगार नेता डिकास्टा वाचताना जॉर्ज फर्नांडिस आठवणे स्वाभाविक आहे. परंतु असे ओळखण्याचे खेळ संपले की कादंबरीही संपली, असा समज त्यातून दृढ होतो.

प्रस्तुत लेखात एक वेगळा मुद्दा मांडला आहे. साधूंच्या राजकीय कथनाचा खरा प्रश्न राजकारणी नसून बातमीदार हा आहे. सर्व काही माहीत असलेला, सर्वांपर्यंत पोहोच असलेला आणि तरीही काहीच न बदलणारा पत्रकार त्यांनी उभा केला. हा पत्रकार म्हणजे राजकारणावरील टीकेचे निवेदन करणारा केवळ साक्षीदार नव्हे. तो स्वतःच त्या टीकेचा विषय आहे. हे वाचन स्वीकारले तर ‘सिंहासन’ ही राजकारणाविषयी उबग निर्माण करणारी कलाकृती न राहता शोधपत्रकारितेच्या अभावाची मीमांसा करणारी कलाकृती ठरते. तथापि या मीमांसेलाही मर्यादा आहेत. मराठवाड्यातील, विशेषतः जालन्यासारख्या जिल्ह्यातील वाचकाच्या बाजूने पाहिले असता त्या अधिक स्पष्ट होतात.

अरुण साधू : पत्रकारितेची वाटचाल

अरुण साधू यांचा जन्म १७ जून १९४१ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. पुण्यात ‘केसरी’मधून त्यांनी पत्रकारितेत पाऊल टाकले. श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’ साप्ताहिकाशी त्यांचे लेखक म्हणून नाते जडले. चीनच्या क्रांतीवरील ‘...आणि ड्रॅगन जागा झाला’ आणि ‘फिडेल, चे आणि क्रांती’ या पुस्तकांनी मराठी वाचकाला जागतिक राजकारणाची सुबोध ओळख करून दिली. पुढे मुंबईत ‘इंडियन एक्स्प्रेस’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’ यांसारख्या इंग्रजी दैनिकांत त्यांनी राजकीय बातमीदारी केली, अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकासाठी वार्तांकन केले आणि ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकपदही सांभाळले. १९९५ ते २००१ या काळात ते पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुख होते. २००७ मध्ये नागपूर येथे भरलेल्या ८०व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. २०१५ मध्ये त्यांना ‘जनस्थान’ पुरस्कार मिळाला. २५ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या वाटचालीत समीक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. साधूंची दैनंदिन राजकीय बातमीदारी बव्हंशी इंग्रजीत झाली, तर त्या राजकारणाचे अंतरंग त्यांनी मराठी कादंबरीत मांडले. बातमीला आधार लागतो, नाव लागते, संपादकाची आणि मालकाची संमती लागते. मंत्र्याच्या बंगल्यावर ‘हे छापायचे नाही’ या अटीवर ऐकलेली गोष्ट बातमी होऊ शकत नाही. अशा गोष्टींचा साठा प्रत्येक राजकीय बातमीदाराकडे वर्षानुवर्षे साचत जातो. साधूंच्या राजकीय कादंबऱ्या या साठ्याला लाभलेली वाट होय, असे म्हणता येईल. मात्र वाट मिळाली ती कल्पित रूपात. ज्या पदावरील व्यक्तीला जाब विचारायचा, तिचे नाव बदलूनच ती वाचकासमोर आली. कादंबरीच्या यशाबरोबर पत्रकारितेची ही उणीवही नोंदवली पाहिजे, आणि साधूंनी ती स्वतः आपल्या कथनातच नोंदवली आहे.

दिगू टिपणीसचे ‘माहीत असणे’

‘सिंहासन’ ही कादंबरी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण होते, ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. १९७९ मध्ये ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्यांच्या आधारे विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी ‘सिंहासन’ चित्रपट दिग्दर्शित केला. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांची भूमिका अरुण सरनाईक यांनी, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांची डॉ. श्रीराम लागू यांनी आणि पत्रकार दिगू टिपणीस याची भूमिका निळू फुले यांनी केली.

चित्रपटाच्या आरंभीच मुख्यमंत्र्यांना एक निनावी दूरध्वनी येतो. तुमचे सरकार पाडण्याचा कट शिजत आहे, असे त्यांना सांगितले जाते. या प्रसंगाकडे समीक्षेने कथानकाला गती देणारी युक्ती म्हणूनच पाहिले आहे. वास्तविक त्यात संपूर्ण कलाकृतीचा आशय साठवलेला आहे. याच दशकात अमेरिकेत वॉटरगेट प्रकरण घडले. जून १९७२ मधील घरफोडीच्या घटनेपासून सुरू झालेला शोध ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन या दोन तरुण बातमीदारांनी चिकाटीने चालवला आणि अन्य चौकशांच्या जोडीने तो ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत पोहोचला. तेथेही नाव न सांगणारा माहीतगार होता. तो सरकारी तपासयंत्रणेतील वरिष्ठ अधिकारी मार्क फेल्ट होता, हे २००५ मध्ये उघड झाले. परंतु त्याची माहिती बातमीदाराकडे जात होती. ‘सिंहासन’मध्ये निनावी आवाज वृत्तपत्राच्या कचेरीत न येता थेट मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी येतो. माहितीचा प्रवाहच उलटा आहे. सत्तेविषयीची गुप्त माहिती सत्तेलाच पुरवली जाते. वाचक, मतदार आणि वृत्तपत्र हे तिघेही त्या प्रवाहाच्या बाहेर राहतात.

दिगू टिपणीस या प्रवाहाच्या काठावर उभा आहे. मुख्यमंत्री त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात, विरोधी गटालाही तो परका नाही. कोण कोणाला भेटले, कोणता आमदार कोणत्या बाजूला झुकला, हे त्याला कळते. मात्र हे कळणे त्याच्या मनुष्यसंबंधांवर उभे आहे. कागदपत्रांवर, हिशेबावर, नोंदींवर ते उभे नाही. संबंधांतून मिळालेली माहिती संबंध टिकवण्याच्या अटीवरच मिळते. ती छापली की दार बंद होते. म्हणून दिगूची माहिती ही त्याची मिळकत नसून सत्तेच्या दालनात शिरण्याचा परवाना आहे, आणि परवाना देणाऱ्याला तो केव्हाही काढून घेता येतो. दिगू भ्रष्ट नाही, लाचखाऊ नाही, बुद्धीने मंद तर मुळीच नाही. हेच त्याच्या चित्रणाचे सामर्थ्य होय. प्रामाणिक माणूसही केवळ जवळिकीच्या बळावर पत्रकारिता करू लागला तर तो सत्तेचा प्रेक्षक होतो, हे साधू दाखवतात.

सत्तांतराचा डाव फसतो, मुख्यमंत्री तगतात, गट पुन्हा जुळतात. शेवटी दिगूच्या वाट्याला भ्रमिष्टासारखे हसू येते. या शेवटाचा अर्थ ‘राजकारण पाहून संवेदनशील माणसाला वेड लागते’ असा सर्वसाधारणपणे लावला जातो. हा अर्थ दिगूला फारच सहज दोषमुक्त करतो. त्याच्या वेडाचे कारण त्याने जे पाहिले त्याइतकेच, किंबहुना अधिक, त्याने जे सांगितले नाही त्यात आहे. न सांगितलेल्या माहितीचा भार माणसाला आतून मोडतो, असे या शेवटाचे वाचन अधिक सयुक्तिक वाटते.

‘सामना’तील मास्तर आणि ‘सिंहासन’मधील पत्रकार

हे वाचन पडताळण्यासाठी तेंडुलकर-पटेल यांच्याच आधीच्या ‘सामना’ या चित्रपटाशी तुलना उपयुक्त ठरते. त्यात निळू फुले यांनी साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील साकारले आणि डॉ. लागू यांनी व्यसनाधीन, भणंग मास्तर. मास्तरजवळ वृत्तपत्र नाही, ओळखपत्र नाही, प्रतिष्ठा नाही. त्याच्यापाशी एकच प्रश्न आहे. गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे कोठे गेला, हा तो प्रश्न. हिंदुराव त्याला आश्रय देतात, दारू देतात, मानाने वागवतात. तरीही तो प्रश्न सोडत नाही. अखेर सत्ताधीशाला त्या प्रश्नाला सामोरे जावे लागते.

‘सिंहासन’मध्ये हेच दोन नट जणू जागा बदलतात. सत्तेच्या बाजूला लागू येतात आणि पाहणाऱ्याच्या बाजूला फुले. परंतु प्रश्न विचारण्याचे काम मात्र या अदलाबदलीत गळून पडते. मास्तर व्यवसायाने पत्रकार नसून शोधपत्रकाराचे काम करतो. एकच घटना, एकच नाव आणि उत्तर मिळेपर्यंत न थांबणे हे त्याचे तंत्र आहे. दिगू व्यवसायाने पत्रकार असून त्याच्याकडे असा एकही प्रश्न नाही. त्याला सगळ्यांत रस आहे, म्हणून कशाचाच पाठपुरावा नाही. शोधपत्रकारिता आणि राजकीय गप्पा यांतील सीमारेषा वर्गात समजावून देण्यासाठी या दोन पात्रांइतकी समर्पक जोडी मराठीत दुसरी क्वचितच सापडेल.

१९८१ : कागद जेव्हा बोलू लागतो

साधूंच्या कादंबरीने काढलेला निष्कर्ष अंतिम मानावा काय, याचे उत्तर चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर दोनच वर्षांत महाराष्ट्राच्या प्रत्यक्ष राजकारणाने दिले. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याविषयीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याच्या केंद्रस्थानी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाला मिळालेल्या देणग्या होत्या.

या वृत्तान्ताची कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक आहे. त्या काळात सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती. सरकारी परवान्यावर ठरावीक दराने मिळणारे सिमेंट आणि खुल्या बाजारातील सिमेंट यांच्या किमतींत मोठी तफावत होती. त्यामुळे वाटपाचा अधिकार हीच मोठी दौलत ठरत होती. शौरी यांनी कोणाच्या तरी कानगोष्टीवर भिस्त ठेवली नाही. एका बाजूला न्यासाला देणग्या कोणी दिल्या आणि दुसऱ्या बाजूला सरकारी वाटप कोणाला झाले, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. मंत्रालयातील दोन नोंदी एकमेकींजवळ ठेवल्या की त्या बोलू लागतात, हे शोधपत्रकारितेचे मूळ तत्त्व येथे प्रत्ययास आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांच्यातील संबंधावर बोट ठेवणारा निकाल दिला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले.

दिगू टिपणीसला जे जमले नाही ते येथे घडले, याचे कारण शौरी अधिक शूर होते एवढेच नाही. येथे माहितीचा आधार माणूस नसून कागद होता. कागद नाराज होत नाही, दार बंद करत नाही आणि न्यायालयात दाखल करता येतो. पत्रकार, वृत्तपत्राचे पान, याचिकाकर्ता आणि न्यायाधीश अशी साखळी त्यामुळे तयार झाली. साधूंच्या कथनात अशा साखळीची शक्यताच नाही. तेथे न्यायालय जवळपास अनुपस्थित आहे आणि वाचकही. या अर्थाने कादंबरीने सत्तेच्या बंदिस्तपणाची अतिशयोक्ती केली, असे म्हणावे लागते.

परंतु पुढील घटनाक्रम साधूंच्या बाजूने साक्ष देतो. रामदास नायक यांनी दाखल केलेला फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आधीचा आदेश रद्द केला. अंतुले राजकारणातून हद्दपार झाले नाहीत. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले, २००६ ते २००९ या काळात अल्पसंख्याक व्यवहार खाते त्यांच्याकडे होते. पत्रकारितेने एका मुख्यमंत्र्याचे पद घालवले, सत्तेची घडण मात्र कायम राहिली. व्यक्ती जाते, खुर्ची राहते, ही ‘सिंहासन’ची अंतर्दृष्टी खोटी ठरली नाही. म्हणून शौरी आणि साधू यांच्यात एकाची निवड करण्यापेक्षा दोघांना परस्परपूरक मानणे योग्य होईल. एकाने काय घडले ते सिद्ध करण्याची रीत दाखवली, दुसऱ्याने ते पुन्हा पुन्हा का घडते याचे चित्र दिले.

मराठवाड्याच्या बाजूने पाहताना

जालना जिल्ह्याच्या वाचकासाठी १९८१ या वर्षाला आणखी एक अर्थ आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग घेऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हा मुख्यमंत्री अंतुले हेच होते. म्हणजे जिल्हानिर्मिती आणि तो वृत्तान्त यांच्यात अवघे चार महिने आहेत. मुख्यालयासाठी लांबचा प्रवास करणाऱ्या शेतकऱ्याला जिल्हा मिळाला, ही लोकोपयोगी गोष्ट होती. पण देणाऱ्याचा उपकार मानणे आणि त्याच्याकडून हिशेब मागणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे लोकशाहीतील नागरिकाला उमगणे आवश्यक असते. ‘त्यांनी आपल्याला दिले, मग विचारायचे कशाला’ ही भावना जिल्हा पातळीवरील पत्रकारितेचा सर्वांत मोठा अडसर ठरते. दिगूची जवळीक मुंबईत मैत्रीच्या रूपात दिसते. जिल्ह्याच्या गावी तीच उपकृततेच्या रूपात दिसते.

साधूंच्या कथनाची दुसरी मर्यादा येथेच जाणवते. ‘मुंबई दिनांक’ ज्या काळात घडते त्याच काळात, १९७२ च्या सुमारास, मराठवाडा भीषण दुष्काळाने होरपळत होता. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसे राबत होती. रोजगार हमी योजनेचा जन्म या अनुभवातून झाला आणि तिला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला. कामावरील हजेरीपट, मापन-पुस्तिका, मजुरीचे वाटप हा त्या योजनेचा कागदोपत्री कणा होय. राज्यसत्ता सामान्य माणसाला भेटते ती या कागदावर. ‘सिंहासन’मध्ये मात्र ग्रामीण महाराष्ट्र मुख्यतः आमदारांच्या रूपाने मुंबईत येतो. तो संख्या म्हणून मोजला जातो, माणूस म्हणून नाही. सत्तेचे केंद्र दाखवताना सत्तेचा परिणाम दृष्टीआड राहिला, ही या कथनाची उणीव आहे.

तिसरी मर्यादा परंपरेविषयीची आहे. दिगू हाच पत्रकाराचा एकमेव नमुना मानला, तर मराठवाड्याचा वृत्तपत्रीय वारसा झाकला जातो. जालना हैदराबाद संस्थानात असताना या भागातील वृत्तपत्र ही सत्तेच्या जवळिकीची नव्हे, संघर्षाची जागा होती. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकाला निजामी राजवटीची बंदी सोसावी लागली. हैदराबादेत उर्दू ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिल्याची किंमत ऑगस्ट १९४८ मध्ये प्राण देऊन मोजली. स्वातंत्र्यसंग्रामातून आलेल्या अनंत भालेराव यांनी ‘मराठवाडा’चे संपादक म्हणून तो बाणा स्वराज्यातही राखला आणि आणीबाणीत तुरुंगवास पत्करला. या परंपरेतील पत्रकाराकडे दिगूइतकी आतली माहिती नसेल, पण जे माहीत होते ते त्याने मांडले. माहीत असण्याची आणि मांडण्याची सांगड येथे तुटलेली नव्हती.

आज ही सांगड नव्या कारणांनी सैल झाली आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये सशुल्क बातम्यांचे प्रकरण उघडकीस आणले. एकच मजकूर निरनिराळ्या दैनिकांत निरनिराळ्या बातमीदारांच्या नावाने छापला गेल्याचे त्यांनी केवळ अंक शेजारी ठेवून दाखवले. ही रीत सिमेंट प्रकरणातील रीतीशी नाते सांगणारी आहे. फरक इतकाच की या वेळी तपासायचे कागद वृत्तपत्रांचेच होते. दिगूने माहिती दडपली होती. येथे तर जाहिरातच माहिती म्हणून वाचकाला दिली गेली. दुसरीकडे, महाराष्ट्राचा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा माहिती अधिकार कायदा यांमुळे तालुक्याच्या गावातील बातमीदारालाही टँकरच्या फेऱ्या, पीकविम्याच्या याद्या किंवा हजेरीपट मागता येतो. मंत्र्याशी मैत्री असण्याची अट उरलेली नाही. दिगूकडे जे साधन नव्हते ते आज जिल्ह्याच्या पत्रकाराच्या हाती आहे. प्रश्न ते वापरण्याचा आहे, आणि वापरणाऱ्याच्या पाठीशी वाचक उभा राहण्याचा.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. अरुण साधू यांच्या राजकीय कथनात पत्रकार हा तटस्थ निवेदक नसून टीकेचा विषय आहे. दिगू टिपणीसची शोकांतिका सत्तेच्या अध:पतनाइतकीच मौनाची शोकांतिका आहे.

२. ‘सामना’तील मास्तर आणि ‘सिंहासन’मधील दिगू यांची तुलना पाठपुरावा आणि जवळीक या पत्रकारितेच्या दोन रीती स्पष्ट करते.

३. १९८१-८२ च्या सिमेंट प्रकरणाने कागदावर आधारलेल्या पत्रकारितेचे सामर्थ्य सिद्ध केले. तथापि त्यानंतरच्या घडामोडींनी साधूंच्या निदानाचे सत्यही अधोरेखित केले.

४. मुंबईकेंद्रित दृष्टीमुळे सत्तेचा ग्रामीण परिणाम आणि मराठवाड्याची संघर्षशील वृत्तपत्रपरंपरा या कथनाबाहेर राहिली. अध्यापनात ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे.

‘सिंहासन’ शिकवून झाल्यावर ‘सगळेच राजकारणी असे असतात’ असे म्हणत विद्यार्थी वर्गाबाहेर पडला, तर कादंबरी वाया गेली असे समजावे. त्याऐवजी त्याने आपल्या गावातील एखाद्या कामाची नोंद कोठे पाहायला मिळेल, असे विचारले, तर दिगूला जो प्रश्न कधी सुचला नाही तो त्याच्या वाचकाला सुचला, असे म्हणता येईल.